नोकरी सोडून स्वतःच्या नावानं कोल्हापुरी चपला करायच्यात, पैसे नेमके कशात घालू?

रापी२६:
मंडळी नमस्कार. घरात तीन पिढ्या पायताणाचंच काम. वडील अजून एका दुकानदारासाठी जोडावर मजुरी करतात. चामडं त्याचं, उचल त्याची, त्यामुळं दरही तोच ठरवतो. आमचा जोड दुकानात कितीला जातो ते मला परवा काचेवरची चिठ्ठी बघून कळलं. मजुरीच्या साडेचार पट! वडलांना सांगितलं तर म्हणाले, "असंल की."
मी गोकुळ शिरगावला कारखान्यात सीएनसी मशीनवर कामाला आहे. रविवारी आणि रात्री बसतो. कापायला, शिवायला येतं, पट्ट्यावरची चामड्याची वेणी आई घालते. हाताशी ८० हजार आहेत. डोक्यात असं आहे की शिलाई मशीन घ्यायचं, खोकी छापायची, इन्स्टावर चांगले फोटो टाकायचे. दिवाळीआधी राजीनामा देऊ का?

वादीवाला:
भावा, मशीन कशाला? लोक कोल्हापुरी म्हणून पैसे देतात ते चामड्याच्या वादीनं हातानं शिवलेल्या तळाचे. मशीनवर शिवलेला माल बाजारात ढिगानं पडलाय, त्याच्याशी दरात आपण टिकत नाही. आणि खोकी नंतर छाप.

मी २०१९ ला दुकानदाराची उचल फेडून बाहेर पडलो. पहिल्याच खेपेला तोंडावर आपटलो. एक जण स्वस्तात तळाचं म्हशीचं चामडं देतो म्हणाला, मी एकगठ्ठा उचललं. वरून रंग झकास, बाभळीच्या सालीचा असतो तसाच. ४० जोड केले. पहिला वळीव पडला आणि फोन सुरू झाले, तळ फुगला, वास येतोय. एक फुगलेला तळ रापीनं आडवा कापला तर मधोमध पांढरट रेघ. म्हणजे कातडं कमवायचं साल-हिरड्याचं पाणी आतपर्यंत मुरलंच नव्हतं, मधलं कातडं कच्चंच. तेव्हापासून पैसे मोजायच्या आधी जाड बाजूचा कोपरा कापून बघतो. कडेपासून कडेपर्यंत एकच रंग दिसला तर घ्यायचं. विकणारा कोपरा कापू देत नसेल तर चहा पिऊन परत यायचं.

दुसरी गोष्ट मापांची. सगळ्यांना वाटतं पैसा चामड्यात अडकतो. माझा अडकला ६ नंबर आणि ११ नंबरात. दुकानासारखा माल भरायला गेलो, ७-८-९ महिन्यात उडाले, बाकीचे दोन पावसाळे बुरशी पुसत सांभाळले. शेवटी मांडणीच मोडली. आता पाय बघितल्याशिवाय कापत नाही. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचं, बसवून नाही, बसलेला पाय आखूड येतो. पेन्सिल सरळ धरायची, दोन्ही पाय काढायचे, संध्याकाळी काढलेलं बरं, दिवसभरात पाय थोडा फुगतो. बाहेरगावचे व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, त्यांना कागदाशेजारी पट्टी ठेवायला सांगतो. असे चारशेच्या वर कागद फायलीत आहेत. परत मागणी आली की नुसतं नाव सांगायचं. निम्मे पैसे आधी, मगच रापी लावायची.

पट्टा पाठीच्या चामड्यातून काप, पोटाचं ताणतं. तरी आठवड्याभरात थोडा सैल होतोच. मी पहिल्यांदा फुकट आवळून देतो. आवळायला आलेला माणूस बहुतेक वेळा बायकोचा नाहीतर भावाचा पाय घेऊन येतो.

जून २०२५ ला प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोत कोल्हापुरीसारख्या चपला आपलं नाव न घेता दाखवल्या, ते प्रकरण झालं तेव्हा चार दिवस फोन खणखणत होता. सगळे विचारायचे, "४२ नंबर आहे का?" मी म्हणायचो कागद पाठवा. कागद पाठवले सहा जणांनी.

राजीनामा दिवाळीआधी नको. दिवाळी, लग्नसराई बघ, मग जून ते सप्टेंबर पोटाला काय ते बघ. पावसात ही चप्पल कोण घालत नाही.

वेणीचीगाठ:
"वेणी आई घालते" हे एका वाक्यात उरकलंस. त्याची मजुरी हिशोबात धरलीस का? मी सासरी बारा वर्षं वेण्या घातल्या, बारीक वेणीच्या एका जोडाला माझे दीड-दोन तास जातात, डोळे जातात ते वेगळंच. घरचंच काम म्हणून किंमत काढताना कुणी मोजलं नाही. मग ननंद लग्न होऊन गेली, बाहेरून वेणी करून घ्यायची वेळ आली आणि जोडामागं उरत होतं ते सगळं तिथंच गेलं. आईचा दर आजच लाव. महिन्याला तिच्या हातात दे, वहीत नुसता लिहू नकोस.

कागदवाला:
दोन गोष्टी पटकन. पीएम विश्वकर्मा ही कारागिरांसाठीची केंद्राची योजना, तिच्यात चर्मकार, पादत्राणे कारागीर बसतात. अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर, पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, व्याज ५ टक्के. पण एका कुटुंबातून एकालाच मिळतं, आणि लग्न झालं नसेल तर तू वडलांच्याच कुटुंबात धरला जातोस. कुणाच्या नावानं करायचं ते आधी घरात ठरवा. दुसरं, कोल्हापुरीला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. ते चिन्ह लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नुसतं "जीआय टॅग" असं इन्स्टावर लिहू नकोस.

रापी२६:
सगळ्यांचे आभार. मशीन रद्द. वेणीचा दर आईला विचारला तर हसली, मग आत जाऊन विचार करून आली आणि म्हणाली, "तुझ्या बाला विचारू नको, मी सांगते तो." सांगितला. मी धरला होता त्याच्या दुप्पट आहे.

वादीवाला दादा, तुमचं वाचून दुकानदाराकडनं आलेल्या चामड्याचा कोपरा कापला. मधे रेघ आहे, बारीक. वडलांना दाखवली. त्यांना माहीत होतं. विश्वकर्माचा अर्ज त्यांच्याच नावानं करतोय, आधार कार्ड मात्र अजून शोधतायत.