जुन्या मॅकबुकवर लिनक्स घालावं, विंडोज घालावं, की विकून मोकळं व्हावं?

जुळे_सोलापूर
पुण्यात नोकरीला असलेली पोरं नवीन लॅपटॉप घेतात आणि जुनं मॅकबुक सोलापूरला घरी आणून टाकतात. मशीन ठणठणीत असतं, पण अॅपलनं त्यातून अंग काढून घेतलेलं. २०१२च्या मॅकबुक प्रोला कॅटलिना या मॅकओएस आवृत्तीच्या पुढे काही मिळत नाही, २०१५ आणि २०१७च्या एअरला माँटेरे शेवटची. मग एके दिवशी ब्राउजर अपडेट व्हायचा थांबतो आणि बँकेची साइट रुसते.

माझं मत: अशा मशीनवर सरळ लिनक्स मिंट (मॅकओएसच्या जागी बसणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम) घाला. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, एचर नावाच्या प्रोग्रॅमनं त्यावर मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवा, मॅक बंद करून पेन ड्राइव्ह लावा, चालू करताच ऑप्शन बटण दाबून धरा. ‘ईएफआय बूट’ नावाचं केशरी चित्र आलं की ते निवडा. लगेच इन्स्टॉल करू नका. आधी पेन ड्राइव्हवरूनच अर्धा तास चालवून कीबोर्ड, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उठणं तपासा.

वायफाय चालणार नाही, घाबरू नका. २०१५च्या एअरमध्ये ब्रॉडकॉमचं कार्ड आहे, त्याचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा, मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमवर टिक करा, रीस्टार्ट. झालं.

सात_रस्ता
‘झालं’ म्हणणं सोपं आहे ओ. तो ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर प्रत्येक नवीन कर्नलसोबत (लिनक्सचा गाभा) पुन्हा बांधला जातो. कर्नल पुढं गेला आणि ड्रायव्हर मागं राहिला की सकाळी वायफाय गायब. ग्रबमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या यादीत, जाऊन जुना कर्नल निवडायचा हे दुकानात बसलेल्या काकांना कोण सांगणार? एअरचा कॅमेराही मिंटमध्ये आपोआप चालत नाही. त्याचा ड्रायव्हर लोकांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून बनवलाय, कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अॅपलच्या फाइलमधून उकरून काढावं लागतं.

आणि काम कशावर करणार? टॅली विंडोजचं. लग्नपत्रिकावाल्यांच्या कोरलच्या फाइली श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टांत, त्या युनिकोडमध्ये उघडल्या की नुसती चिन्हांची खिचडी. चादर-टॉवेलवाल्यांचं जकार्ड (विणलेल्या नक्षीच्या) डिझाइनचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजवरच, तेही यूएसबी डोंगल (परवान्याची चावी) लावल्याशिवाय उघडत नाही. एअरची रॅम मदरबोर्डलाच चिकटवलेली, ४ जीबी असेल तर ४ जीबीच. विका आणि त्या पैशात भर घालून एखादा वापरलेला थिंकपॅड लॅपटॉप घ्या. उगं अॅपलच्या सफरचंदाला पेंग्विन चिकटवायचा सोस कशाला?

जुळे_सोलापूर
डोंगलवाल्यांनी मिंट घालावं असं मी म्हटलंच नाही. पण ज्यांना मेल, बँक, पोरांचा अभ्यास आणि मराठी टायपिंग एवढंच करायचंय त्यांचं काय? मिंटमध्ये इनस्क्रिप्टही आहे आणि फोनेटिकही. कर्नलचं खरं आहे, पण अपडेट मॅनेजरमध्ये कर्नलचे अपडेट वेगळे दिसतात. त्यांची टिक काढली की ते थांबतात. जुना एक कर्नल मशीनवर राहू द्या, पुरतं.

अक्कलकोट_रोड
डोंगलवाल्यांसाठी मधला रस्ता आहे की. इंटेल मॅकवर बूट कॅम्प या मॅकओएसमधल्याच सोयीनं खरंखुरं विंडोज चालतं. ते व्हर्च्युअल नाही, त्यामुळे डोंगल थेट ओळखला जातो. अॅपल किमान ६४ जीबी रिकामी जागा मागतं, पण १२८ जीबी धरून चला. विंडोज आत गेल्यावर बूट कॅम्पचे ड्रायव्हर सेटअप पूर्ण चालवा, अर्धवट सोडलं की ट्रॅकपॅड आणि आवाज दोन्ही लंगडतात.

दोन ग्राफिक्स कार्डांचं १५ इंची प्रो असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या: विंडोजमध्ये मोठं कार्डच कायम चालू राहतं. बॅटरी लवकर संपते आणि सोलापूरच्या मे महिन्यात मांडीवर तवा ठेवल्यासारखं होतं. चार्जर लावून टेबलावर वापरा, खालून हवा जाऊ द्या.

सात_रस्ता
कुठलं विंडोज? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि एकाही इंटेल मॅकमध्ये ते विंडोजला दिसत नाही. रुफस या पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅमनं तपासणी टाळून ११ घालता येतं, पण मोठं अपडेट आलं की ते आपोआप येईल याची खात्री नाही, पुन्हा हातानं करा. अॅपलचं सोडलंत आणि मायक्रोसॉफ्टच्या दारात उभे राहिलात, तिथंही ‘तुम्ही यादीत नाही’.

अक्कलकोट_रोड
डिझाइनच्या मशीनला इंटरनेट लागतं कशाला? केबल काढून ठेवा, फाइली पेन ड्राइव्हनं न्या-आणा. विंडोज १० वर डोंगल चालतंय ना, मग त्याला हात लावू नका.

मदरबोर्डवाला
तिघेही वर्ष सांगायला विसरताय, आणि सगळा खेळ वर्षाचाच आहे.

२०१६-१७चे टचबारवाले प्रो ‘२०१७ पर्यंतचे’ म्हणून मिंटच्या रांगेत लावू नका, त्यांत आवाजापासून रखडतं. २०१८ ते २०२० च्या इंटेल मशीनमध्ये टी२ ही सुरक्षा चिप. तिथं आधी कमांड-आर दाबून रिकव्हरीत जा, स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीत सुरक्षा बंद करा, बाहेरून बूट करायची परवानगी द्या, नाहीतर पेन ड्राइव्ह उघडणारच नाही. त्यावरही साध्या मिंटमध्ये आतला कीबोर्ड चालत नाही, टी२ साठी बांधलेला वेगळा कर्नल लागतो.

एम१ या इंटेल नसलेल्या चिपपासून पुढं बूट कॅम्पच नाही. विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती पॅरलल्समध्ये (मॅकओएसच्या आत विंडोज चालवणारा प्रोग्रॅम) चालते, साधे इंटेलवाले प्रोग्रॅमही ती चालवून घेते. पण इंटेलवाले ड्रायव्हर ती चालवत नाही! डोंगलचा ड्रायव्हर एआरएमचा नसेल तर तो डोंगल म्हणजे चावी हरवलेलं कुलूप. जकार्डवाल्यांनी एम सिरीज घेण्याआधी सॉफ्टवेअर विकणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारावा. ‘असाही’ (Asahi) नावाचं या चिपांसाठीचं लिनक्स एम१, एम२ वर बऱ्यापैकी बसतं, पण त्यातही डोंगलची आशा धरू नका.

आता मुख्य मुद्दा, कारण इथंच लोक पाय घसरून पडतात. मॅकचं फर्मवेअर अपडेट मॅकओएससोबतच येतं. मिंटमधून येत नाही, विंडोजमधूनही नाही. २०१५च्या एअरमध्ये अॅडॉप्टर लावून साधी एनव्हीएमई (आताच्या वेगवान जातीची) एसएसडी घालायची असेल तर मशीनवर हाय सिएरा किंवा त्यापुढचं मॅकओएस एकदा तरी बसलेलं असायला हवं. योसेमिटी या त्याआधीच्या आवृत्तीवरून थेट सगळं पुसून मिंट घातलं, मग नवी एसएसडी लावली, तर ऑप्शन दाबून ती दिसतच नाही आणि शिव्या एसएसडीवाल्याला. म्हणून पुसण्याआधी मॅकओएस शेवटपर्यंत अपडेट करा, आणि ४०-५० जीबीचा कोपरा त्याच्यासाठी राखून ठेवा.

चाटी_गल्ली
२०१२च्या १३ इंची प्रोबद्दल बोला कोणीतरी. मिंट फाइली कॉपी करताना अर्ध्यावर अडकतं, ‘इनपुट-आउटपुट एरर’ देतं. एसएसडी बदलली तरी तेच.

मदरबोर्डवाला
लिनक्सचा दोष नाही, हार्ड डिस्कची चपटी केबल गेली आहे. या मॉडेलचं हे जुनं दुखणं. ती एसएसडी यूएसबी कव्हरमध्ये घालून बाहेरून बूट करा; बाहेरून नीट चालली की केबल नक्की.

मागचं झाकण १० स्क्रूंचं, ३ लांब आणि ७ आखूड, ते वेगळे ठेवा. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. डिस्कच्या कडेचे चार खुंटे टी६ टॉर्क्सचे आहेत, साध्या स्क्रूड्रायव्हरनं घासले की संपलं. केबल अॅल्युमिनियमच्या कवचावर जिथं वळते तिथं घासून आतून तुटते, म्हणून नवीन बसवताना खाली काळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी लावा आणि केबलला तीक्ष्ण घडी पाडू नका. याच झाकणाखाली रॅमचे दोन स्लॉट आहेत, अॅपल ८ जीबी म्हणतं, पण ८चे दोन मिळून १६ चालतात. डीडीआर३, १६०० वेगाची घ्या.

सात_रस्ता
केबल, एसएसडी, रॅम, वर बॅटरी फुगलेली असेल तर तीही. बेरीज करा, थिंकपॅडच्या जवळ जाताय.

जुळे_सोलापूर
बॅटरी फुगली असेल तर मी पण म्हणतो विका. ट्रॅकपॅड दाबला जात नसेल किंवा मशीन टेबलावर डुगडुगत असेल तर फुगली समजा.

चाटी_गल्ली
डुगडुगत नाही. आधी केबलच मागवतो. पंख्याचं काय, मिंटमध्ये गरम जास्त होतंय.

मदरबोर्डवाला
एमबीपीफॅन हा छोटा प्रोग्रॅम घाला, तो पंखा लवकर पळवतो. पण झाकण उघडतच आहात तर पंख्यातली धूळ ब्रशनं काढा. एमआयडीसीतलं मशीन असेल तर आत टॉवेलचा कापूसच निघेल.