सरकारने नोकऱ्या द्यायच्या की नोकऱ्या तयार होतील एवढंच बघायचं?

औशाची_लेक

नमस्कार मंडळी. मी पुण्यात धनकवडीला राहते, माहेर औसा, लातूर जिल्हा. धाकटा भाऊ बीएस्सी ॲग्री झालाय आणि तेव्हापासून नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय. मेन्सपर्यंत गेलाय पण फायनल लिस्टला नाव लागत नाही. खोलीभाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज सगळं मिळून महिन्याला जेवढे पैसे जातात तेवढ्यात गावाकडे एक घर चालतं.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. त्यांचं म्हणणं, सरकारने कॉलेजं काढली, पोरांना शिकवलं, मग नोकरी पण सरकारनेच बघायला पाहिजे. माझे मिस्टर हिंजवडीला आहेत, ते म्हणतात सरकारचं काम रस्ते, वीज, पाणी, कायदा-सुव्यवस्था एवढंच, कंपन्या येतील आणि त्या नोकऱ्या देतील. दिवाळीत या विषयावरून इतकं वाजलं की भाऊ जेवता जेवता उठून गेला.

मी थोडं वाचलं तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात होतं की भारतात २०२२ ला पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९ टक्के आणि ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यात ३.४ टक्के. हे वाचल्यापासून डोकं सुन्न झालंय, जितकं जास्त शिका तितकं जास्त घरी बसा असंच झालं ना हे. मला खरंच समजून घ्यायचंय की यात सरकारची जबाबदारी नेमकी कुठपर्यंत. पक्षांवरून भांडण नको, प्लीज.

पेठेतला_पोरगा

ताई, मी पण त्याच रांगेत आहे म्हणून लिहितो. आमच्यातल्या कुणालाच असं वाटत नाही की सगळ्यांना सरकारी नोकरी मिळेल, आकडे आम्हाला तोंडपाठ असतात. २०२३ ची तलाठी भरती, जागा ४६४४ आणि अर्ज १० लाखांच्या वर. २०२४ ची पोलीस भरती, जागा १७ हजारांवर, अर्ज १७ लाखांवर. म्हणजे पोलीसला शंभरामागे एक आणि तलाठीला दोनशेच्या वर पोरांमागे एक. भरती कितीही स्वच्छ झाली तरी बाकीचे परत जाणारच.

आमचं मागणं त्याच्या आधीचं आहे. ज्या जागा मंजूर आहेत, ज्यांचं काम अडलंय, त्या वेळेवर भरा. गावाकडे एका तलाठ्याकडे दोन-तीन सज्जांचा, म्हणजे गावांच्या गटांचा, चार्ज असतो, लोक सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालतात आणि इकडे तेच काम करायला पोरं खुर्चीवर बसून म्हातारी होतायत. जाहिरात कधी, परीक्षा कधी, निकाल कधी, जॉइनिंग कधी याची तारीख पाळली तर पोरगा ठरवू शकतो की किती वर्षं द्यायची आणि कधी थांबायचं. ११ मार्च २०२१ ला शास्त्री रोडवर पोरं का उतरली, तर १४ तारखेची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली म्हणून. ऑगस्ट २०२४ ला परत रस्त्यावर, कारण आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा आणि राज्यसेवा एकाच दिवशी. दोन परीक्षांच्या तारखा एकमेकींवर येऊ नयेत एवढं बघायला काही बजेट लागत नाही.

आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तर नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला होता. लोक चिडले तेव्हा ऑक्टोबरमध्ये रद्द केला. सरकारच स्वतःची पदं ठेकेदाराकडून भरायला लागलं तर कंपन्यांना कोणत्या तोंडाने सांगणार की माणसं पर्मनंट घ्या.

भोसरी_वर्कशॉप

मी दुसऱ्या बाजूने बोलतो. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, व्हीएमसी आणि टर्निंगचं जॉबवर्क, म्हणजे मशीनवर धातूचे सुटे भाग कापून द्यायचे. मला माणसं पाहिजेत आणि मिळत नाहीत. ड्रॉइंग वाचता येणारा, मायक्रोमीटर नीट धरणारा आयटीआयचा पोरगा शोधायला महिने जातात आणि सहा महिने शिकवला की तो मोठ्या कंपनीत जातो.

सरकारने स्वतः कारखाने काढले तो काळ पण आपल्या पुण्याने बघितलाय. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ ची, देशात पेनिसिलिन बनवायला लागली, कितीतरी घरं त्याच्यावर उभी राहिली आणि पुढे तीच कंपनी आजारी पडली. त्याउलट १९६२ ला एमआयडीसी काढली तेव्हा सरकारने काय केलं, जमीन घेतली, प्लॉट पाडले, पाणी आणलं, वीज आणली, रस्ते केले. बाकी पिंपरी, चिंचवड, भोसरी, नंतर चाकण, रांजणगाव, तळेगाव हे उद्योजकांनी आणि कामगारांनी उभं केलं. हिंजवडीचा आयटी पार्कसुद्धा एमआयडीसीचाच आहे, ताई तुमच्या मिस्टरांना सांगा, त्यांची नोकरी पण सरकारने पाडलेल्या प्लॉटवरच आहे.

त्यामुळे माझं मत, सरकारने पगार देऊ नये, पाया द्यावा. पण तो तरी द्या! चाकणच्या चौकात ट्रक तासन् तास उभा राहतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेमेंट. २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यायचं. प्रत्यक्षात नव्वद दिवस, एकशेवीस दिवस. तेवढे पैसे वेळेवर आले तर मी उद्या दोन पोरं जास्त ठेवतो. तक्रार करायला पोर्टल आहे, पण तक्रार केली की ऑर्डर बंद होते, मग कोण करणार.

चाकण_सेकंडशिफ्ट

भोसरीवाले साहेब, माणसं मिळत नाहीत म्हणता, तुमच्याकडचं मला माहीत नाही पण चाकण पट्ट्यात आम्ही कसे राहतो ते सांगतो. मी परभणीचा, डिप्लोमा मेकॅनिकल. एका मोठ्या कंपनीत लाईनवर होतो, नाव घेत नाही. आधी ट्रेनी म्हणून घेतलं, नंतर ठेकेदाराच्या रोलवर. २४० दिवस भरायच्या आत ब्रेक, कारण २४० भरले की पर्मनंटचा हक्क सांगता यायचा. ब्रेक झाला की गावाकडे, परत फोन आला की नवीन गेटपास, नवीन ठेकेदार, नवीन पीएफ खातं. माझ्या शेजारचा पर्मनंट माणूस तेच नट तीच टॉर्क गन घेऊन आवळायचा आणि त्याचा पगार माझ्या तिप्पट. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत तेव्हा लिहिलं होतं की सारखंच काम असेल तर सारखाच पगार. लिहिलं होतं!

म्हणून पोरं पेठेत बसतात ताई. तुमचा भाऊ आळशी आहे किंवा त्याला साहेबगिरी पाहिजे असं नाहीये. त्याला अण्णांसारखी नोकरी पाहिजे, जिच्या जोरावर बँक कर्ज देते आणि लोक मुलगी देतात. आमच्या पट्ट्यात तशी नोकरी राहिलीच नाही, राहिली ती फक्त सरकारात. खासगीतली नोकरी नीट केली तर पेठेतली अर्धी गर्दी आपोआप कमी होईल असं माझं ठाम मत आहे, आणि ती नीट करणं हे सरकारचंच काम, कारण गेटच्या आत जाऊन रजिस्टर तपासायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही.

भोसरी_वर्कशॉप

तुमचं ब्रेकचं बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. माझ्याकडची तीन माणसं सुरुवातीपासून आहेत, पर्मनंट. पण मोठी कंपनी मला रेट ठरवून देते, त्या रेटमध्ये तेवढं बसवणं फार ओढाताणीचं होतं.

सीएचबी_मॅडम

थोडक्यात लिहिते, पेपर तपासायचेत. नेट झालंय, पीएचडी झालंय, एका अनुदानित कॉलेजमध्ये तासिका तत्त्वावर शिकवते. विद्यार्थी आहेत, वर्ग आहे, पद मंजूर आहे, शिकवणारी मी आहे, फक्त भरती नाही. सुट्टीत पगार नाही. सरकारी आकड्यात २०२३-२४ चा बेरोजगारी दर ३.२ टक्के येतो त्यात मी रोजगार असलेल्यांत आहे. शेतात घरच्यांना बिनपगारी मदत करणारा पदवीधर पण रोजगारवालाच धरतात, आणि साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यातून एक तास काम केलं तरी पुरतं. त्यामुळे दर कमी आहे म्हणून प्रश्न सुटला असं कुणी म्हणालं की त्याला विचारा, कसलं काम आणि किती पैशाचं.

निवृत्त_पाटबंधारे

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कुणीच बोललं नाही आणि ती आपल्याच राज्याची आहे म्हणून सविस्तर लिहितो.

वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांची कल्पना अशी की खेड्यातला जो माणूस अंगमेहनत करायला तयार आहे त्याला काम देणं हे सरकारवर बंधन असलं पाहिजे, उपकार म्हणून नाही. १९६५ ला सांगली जिल्ह्यात तासगावकडे प्रयोग झाला. मग ७२ चा दुष्काळ. मी तेव्हा शाळेत होतो, आमची आई खडी फोडायला जायची, सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची, मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खायचो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते त्यातून झाले. नंतर रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकार भत्ता. दिल्लीने हा विचार २००५ ला कायद्यात आणला, आपण त्याआधी पाव शतक करत होतो.

आता पैसे कुठून आले ते बघा. १९७५ ला व्यवसाय कर आणला तो रोजगार हमीसाठी. हिंजवडीच्या साहेबांनी पगाराची स्लिप उघडावी, दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील, वर्षाचे २५००. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीला हातभार लावायचा असा तो करार होता. त्यात खोटी मस्टरं, म्हणजे मजुरांची हजेरीपत्रकं, झाली, मुकादमांनी खाल्लं, मी स्वतः नोकरीत असताना अशी मस्टरं पकडलीत. तरी त्या कामांनी माणसं जगवली, यात मला शंका नाही.

प्रश्न असा की शहरासाठी असं काही का नाही. केरळने २०१० ला सुरू केलं, राजस्थानने २०२२ ला शंभर दिवसांची शहरी हमी आणली. ताई, तुम्ही धनकवडीच्या आहात, २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवत असेल, आंबिल ओढ्याने काय केलं ते. ओढ्यांची मोजणी, पाणलोटाचे नकाशे, सीमाभिंती, झाडं, यात डिप्लोमावाल्यांना काम आहे, ॲग्रीवाल्यांना काम आहे, मजुरांना आहे. काम नाही असं नाहीये, त्या कामाला पद आणि पगार जोडणारं कुणी नाही. अण्णा आणि तुमचे मिस्टर दोघंही हे सोडून बाकीच्यावर भांडतायत असं मला वाटतं.

औशाची_लेक

काका, आंबिल ओढ्याच्या रात्री आमच्या सोसायटीच्या गाड्या वाहून गेल्या होत्या. व्यवसाय कराचं मिस्टरांना दाखवलं, ते म्हणाले हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मग बराच वेळ स्लिप बघत होते. चाकणच्या दादांचं भावाला वाचून दाखवलं, तो म्हणाला हेच मला अण्णांना सांगता येत नव्हतं.

अजून एक विचारते. ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना भावासाठी कशी आहे? पदवीधराला दहा हजार म्हणे.

पेठेतला_पोरगा

आमच्या अभ्यासिकेतल्या एकाने केलं. बारावीला ६, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि पदवीधराला १० हजार, आधी सहा महिने होतं मग वाढवून अकरा केलं. तो एका सरकारी ऑफिसात होता, काम क्लार्कचंच करायचा, मुदत संपली की सर्टिफिकेट देऊन घरी. ज्या टेबलावर तो बसायचा ते टेबल आता परत रिकामं आहे. खर्चाला मदत म्हणून घ्या, पुढे लागेल या आशेवर नको.

भोसरी_वर्कशॉप

ॲग्री झालाय तर प्रक्रिया उद्योगाचं बघायला काय हरकत आहे, औशाकडे सोयाबीन, तूर आहेच. जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज होतो, प्रोजेक्टच्या १५ ते ३५ टक्के सबसिडी. पण खरी अडचण बँकेत येते, मॅनेजर फाईल ठेवून घेतो आणि तारण मागत बसतो. जायच्या आधी तीन कोटेशन आणि डाळमिल चालवणाऱ्या एखाद्याकडून वर्षाचा खरा हिशोब लिहून न्या. प्रोजेक्ट रिपोर्ट एजंटकडून करून घेऊ नका, मॅनेजर त्यातलाच एखादा आकडा विचारतो आणि पोरगं गप्प होतं.