रॉचडेलच्या वारशात ॲस्बेस्टॉसला जागा हवी की नको?

धागाकर्ता : मँचेस्टरजवळचे रॉचडेल हे जुने कापडगिरण्यांचे गाव आपल्याकडे सहकाराची पदविका केलेल्यांना ‘रॉशडेल’ म्हणून पाठ असते. २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनवरच्या भाड्याच्या गाळ्यात तिथल्या सहकार-प्रवर्तकांनी लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढ्याच मालावर दुकान उघडले आणि खरेदीच्या प्रमाणात नफा वाटण्याची त्यांची पद्धत जगभर गेली. आज त्या जागी संग्रहालय आहे, १८७१ चा टाउन हॉल दुरुस्त होऊन २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी झाकून टाकलेली रॉच नदीही २०१६ मध्ये उघडी करण्यात आली आहे. एवढे सगळे निगुतीने जपणाऱ्या गावाने ॲस्बेस्टॉसला, म्हणजे आगीत न जळणाऱ्या पण श्वासावाटे फुप्फुसे निकामी करणाऱ्या खनिज तंतूला, मात्र वळचणीला बसवले आहे, असे माझे मत आहे.

इथल्या टर्नर बंधूंचा कारखाना १८७१ मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी सुती पॅकिंग (वाफ गळू नये म्हणून सांध्यांत भरायचे साहित्य) बनवण्यापासून सुरू झाला. १८७९ मध्ये त्यांनी ॲस्बेस्टॉस हाती घेतले, आणि ज्या यंत्रांवर कापूस पिंजला, कातला आणि विणला जात होता तीच यंत्रे सुधारून त्यांवर हे खनिज तंतू चालवले. म्हणजे हा कापसाच्या वारशाबाहेरचा उद्योग नव्हे, त्याच कसबाचा पुढचा टप्पा आहे. मग गिरणीचे गोडवे गाताना नेमके इथे येऊनच आपण का थांबावे?

जुना माग : आपला मुद्दा तर्काला धरून आहे, पण वारसा तर्काने ठरत नाही. गिरण्या बंद पडल्यानंतर गावाची रया गेली होती. टाउन हॉलच्या छतावरची रंगकामे पुन्हा उजळलेली पाहून लोकांची मान थोडी ताठ झाली असेल तर त्यात वावगे काय? शिवाय दाखवणार काय? स्पॉडन नदीकाठच्या त्या कारखान्याच्या जागेवर शेकडो घरे बांधण्याचा प्रस्ताव २००४ मध्ये आला, तेव्हा जमिनीतल्या ॲस्बेस्टॉसच्या भीतीने रहिवासी त्याच्या विरोधात उभे राहिले आणि २०११ मध्ये परवानगी नाकारली गेली. जिथे माती उकरायला लोक घाबरतात, तिथे शाळेच्या सहली नेणार का?

धागाकर्ता : सहल कारखान्यात न्यावी, असे मी म्हटलेले नाही. नेली कर्शॉ या कामगार स्त्रीचे उदाहरण घ्या. ती टर्नर बंधूंकडे ॲस्बेस्टॉसचे सूत कातत असे. १९२२ मध्ये डॉक्टरांनी तिला कामास अपात्र ठरवले आणि कारण लिहिले ‘ॲस्बेस्टॉसची विषबाधा’. रोग धंद्यामुळे जडला म्हणून आरोग्य विम्याने पैसे नाकारले, आणि धंद्यातून जडणाऱ्या रोगांच्या कायद्यातल्या यादीत हा रोगच नाही म्हणून कंपनीने नाकारले. नऊ आठवडे घरी बसून आहे, एक पेनी मिळालेली नाही, माझ्या प्रकरणाचे काय करणार, अशा आशयाचे पत्र तिने कंपनीला लिहिले. १४ मार्च १९२४ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती गेली. तिच्या फुप्फुसांची तपासणी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, १९३० मध्ये सरकारी अहवाल आला आणि त्यापाठोपाठ धूळनियंत्रणाचे नियम झाले. एका कातणारणीच्या मृत्यूतून एवढे घडले, तर ती टोड लेनच्या प्रवर्तकांच्या पंक्तीत का नसावी?

सहकारी वाचक : इथे एक पोटमुद्दा. टोड लेनचे दुकान ‘२८ गरीब विणकरां’नी उघडले, ही आपल्या पुस्तकांतली आवडती कथा पुरती खरी नाही. त्या मंडळींत इतर कारागीरही होते. वारसा म्हणजे अशी घासून गुळगुळीत केलेलीच गोष्ट असते, तेव्हा नेलीचीही तशीच गोष्ट होऊन बसेल, ही माझी धास्ती आहे. आणि हा विषय आपल्यापासून दूरचा नाही : टर्नर बंधूंच्या कारखान्यातून पुढे उभ्या राहिलेल्या टर्नर अँड न्यूऑल या कंपनीची उपकंपनी घाटकोपरला होती. तिथल्या कामगारांची आठवण आपण किती जपली, हे विचारल्याखेरीज रॉचडेलला बोल लावणे मला जड जाते.

जुना माग : घाटकोपरचा मुद्दा मान्य. पण नेलीची स्मृतिशिला रॉचडेलच्या दफनभूमीत २००६ मध्ये बसवली गेली आहे. जिला एकेकाळी बेवारशासारखे नावाच्या दगडाशिवाय पुरले, तिचे नाव आज तिथे कोरलेले आहे. शोक दफनभूमीत असावा, तिकीटखिडकीपाशी नसावा, एवढेच मला म्हणायचे आहे.

धागाकर्ता : दफनभूमीत ज्यांचे कोणी असते तेच जातात. माझी मागणी लहान आहे : संग्रहालयात पिंजणयंत्राशेजारी त्या पत्राची प्रत एका काचेखाली असावी आणि खाली ‘हे यंत्र पुढे ॲस्बेस्टॉससाठीही वापरले गेले’ एवढीच ओळ असावी. त्या ओळीला आपला विरोध आहे का, ते सांगावे.

जुना माग : त्या ओळीला नाही. पण ती टाउन हॉलमध्ये लावू नये.