प्रतिसाद: इंजिनिअरिंग आणि कॉलेज बेसबॉल दोन्ही जमेल का?

वर विचारलंय की मुलाला इंजिनिअरिंग पण करायचंय आणि बेसबॉल पण सोडायचा नाही, तर झेपेल का. माझा मुलगा इथे अमेरिकेत डिव्हिजन ३ मधे खेळतो म्हणून लिहितोय (कॉलेज खेळांचे स्तर असतात, डिव्हिजन १ सगळ्यात वरचा). झेपतं, पण डिव्हिजन बघून ठरवा हो.

डिव्हिजन १ मधे सीझनला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे असं सगळे सांगतात, पण त्यात मॅच कितीही लांबली तरी ३ तासच धरतात आणि बसचा प्रवास तर मोजतच नाहीत, आणि रेग्युलर सीझनला ५६ पर्यंत मॅचेस, शुक्रवार ते रविवार सिरीज, परत मंगळवारी किंवा बुधवारी एखादी, म्हणजे अभ्यास बसमधे आणि हॉटेलातच. डिव्हिजन ३ मधे खेळाची स्कॉलरशिप नसते, मॅचेस ४० च्या आसपास, पण मुलं श्वास तरी घेतात.

खरी अडचण लॅबची. दुपारची लॅब आणि प्रॅक्टिस हमखास एकत्र येतात, त्यामुळे जड लॅबवाले विषय फॉल सेमिस्टरला (ऑगस्ट ते डिसेंबर, तेव्हा मॅचेसचा सीझन नसतो) उरकायचे. कोचला भेटाल तेव्हा हेच विचारा की लॅबमुळे उशीर झाला तर चालतं का. एमआयटीत सोमवार ते गुरुवार संध्याकाळी ५ ते ७ अंडरग्रॅडचे वर्गच ठेवत नाहीत, म्हणजे प्रॅक्टिसला वेळ मोकळा, हे मला फार आवडलं.

क्रेग ब्रेस्लो येलमधे मॉलिक्युलर बायोफिजिक्स शिकत पिचिंग करायचा, पुढे २०१३ ला बोस्टन रेड सॉक्स या व्यावसायिक टीमबरोबर वर्ल्ड सिरीज (अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलची फायनल) जिंकला. मुलाला नक्की सांगा त्याच्याबद्दल.