भिंत: विटांची, नाहीतर डोकं आपटायची (तुमचे अनुभव येऊ द्या)

उंबरठा: शेजारचा वाडा पाडतायत. गिलावा निघाला आणि आतली जुनी पातळ वीट दिसली, लगेच आजी आठवली. पानशेतच्या पुरात (१२ जुलै १९६१) तिचं स्वयंपाकघर बसलं. मातीच्या भिंती, पाण्यात विरघळल्याच. पुढे कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीवर थाप मारायची, मग पाणी प्यायची. तुमच्याही भिंती सांगा. माणसं असली तरी चालतील.

चिऊताई: माझे सासरे 😄 काहीही विचारा, "बघू". कुकर झालाय, येते नंतर.

ओळंबा: वडील गवंडी. भिजवलेली नसेल तर वीट हातात धरायचे नाहीत. कोरडी वीट कालवलेल्या मालातलं पाणी पिते, मग सांधा धरत नाही. उभ्या सांध्यावर उभा सांधा आला की अख्खा थर उतरवायला लावायचे, मालक समोर असला तरी. आता मी राहतो तिथे आतल्या भिंती चार इंची. शेजारचे काका शिंकले की आमची ही "सत्य आहे" म्हणते.

मिडविकेट: भिंत म्हटलं की द्रविड, विषय संपला. कोलकाता २००१, फॉलोऑन, चौथ्या दिवशी एकही विकेट नाही. १८०!!

चहाबाज: आणि लक्ष्मणचे २८१ काय वाऱ्यावर? त्याला नाही कुणी भिंत म्हणत.

मिडविकेट: भिंतीकडे दिवसभर कोण बघत बसेल 😛 त्याच्याकडे बघत बसायचो.

सायली_सावली: माझा लेक. दहावी झाल्यापासून दार बंद. मी बाहेरून बोलते, आतून "हं". कधी तेही नाही.

चिऊताई: सायली, अगं आमच्याकडेही हेच होतं. प्रश्न विचारणं सोडलं, नुसती भजी तळली. स्वतःच ओट्यापाशी आला. व्यनि (खाजगी निरोप) कर गं.

उंबरठा: सायलीताई 🙏

पायवाट: आळंदीला लेकीला भिंत दाखवली. चांगदेव वाघावर बसून आले, भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली, भिंत चालली वगैरे सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणे, "मग आता का थांबलीये?" मागच्या आजोबांनी उत्तर दिलं, "दमली गं."

चहाबाज: 😂😂 ओळंबा, तुम्ही आहातच तर, आमच्या बाथरूमच्या भिंतीला ओल येतेय. रंगवाला म्हणतो वॉटरप्रूफ रंग मारू.

ओळंबा: रंग नको. आधी वरच्यांचा नळ बघा.

चहाबाज: वरचे दार उघडत नाहीत हो.