सारंगखेड्याहून साताऱ्याला घोडी आणायची आहे, गाडीत कशी बांधू?

नवा_स्वार:
दत्तजयंतीच्या यात्रेत चार वर्षांच्या घोडीचा सौदा जवळपास ठरलाय. अंतर पाचशे किलोमीटरच्या वर. गाडीवाला म्हणतो, पिकअपमध्ये अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे आणि मागच्या पायांचे दोर, आवळून बांधू, रात्रीत पोचवतो. घोडीला गाडीची सवय आहे का, ठाऊक नाही. चढवताना आपण कुठं उभं राहायचं?

रिकीब:
पिछाडी तबेल्यात ठीक, गाडीत अजिबात नको. वळणावर घोडं पाय फाकवून तोल सांभाळतं. पाय बांधलेले असले की ते आडवंच होतं. रात्रीत पोचवतो म्हणणारा गाडीवालाही बदला. १९७८ च्या जनावर वाहतुकीच्या नियमांत घोड्यांच्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा आहे. त्या हिशेबानं वाटेत मुक्काम आलाच.

त्याच नियमांत दोन जनावरांच्या मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागं दोन भक्कम आडवे दांडे, आणि तोंड डावीकडे म्हणजे समोरच्या वाहतुकीपासून लांब, असंही आहे. पिकअप अरुंद पडते. मोठा टेम्पो घ्या, घोडी तिरपी उभी करा. तळाला चार बोटं वाळू, वर पेंढा. डोक्यावर लोखंडी पाइप येत असेल तर त्याला गोणपाट गुंडाळा.

चढवायला गाडी बांधाला लावा, म्हणजे फळी जवळपास सपाट येते. फळी आणि गाडीमधली फट बुजवा, पाय तिथंच अडकतो. तुम्ही घोडीच्या डाव्या खांद्याशी, तोंड पुढं करून चाला. समोर उभं राहून ओढलंत तर ती मागं रेटते, नाहीतर उडी मारून अंगावर येते. दावं हाताला गुंडाळायचं नाही.

आता क्रम. चढल्यावर आधी मागचा दांडा, मग दावं. उतरवताना आधी दावं सोडा, मग दांडा. उलटं केलं की बांधलेल्या घोडीला मागं मोकळं दिसतं, ती मागं सरते, मोरकी (डोक्यावर चढवलेला साज, ज्याला दावं असतं) मानेमागं आवळते आणि ती उधळते. बरेच अपघात इथलेच.

दावं थेट पाइपला नको. पाइपला सुतळीचा फास करा, त्यात दावं ओढताच सुटेल अशा गाठीनं अडकवा. फार हिसका बसला तर सुतळी तुटेल, मान वाचेल. नायलॉनची मोरकी तुटत नाही हे लक्षात ठेवा. सुरी खिशात.

खरारा:
दावं आखूड बांधून तोंड तासन्‌तास वर राहिलं की श्वासनलिकेतला कचरा बाहेर पडत नाही, फुप्फुसाला सूज येते. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवून दावं सैल करा, वीसेक मिनिटं गवत खाली टाका, पाणी पाजा. परकं पाणी घोडी नाकारते, म्हणून एखादं पिंप तिथलंच भरून घ्या. निघायच्या दिवशी चंदी (दाणा) बंद, कडबा चालू. पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघा, १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला की डॉक्टर.

आणि पैसे देण्याआधी ग्लँडर्सचा अहवाल मागा. माणसालाही होतो तो रोग. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळी, पाण्याची बादलीसुद्धा वेगळी.

नवा_स्वार:
मोतद्दाराला (घोडी सांभाळणाऱ्याला) मागं घोडीजवळ बसवू का?

रिकीब:
तिच्या पायांच्या टप्प्यात कुणीच नाही. त्याला केबिनमध्ये बसवा, मागची काच उघडी ठेवा. टापांचा आवाज बदलला की गाडी थांबवायची.