मदत हवी आहे : मेक्सिकोची वाढीव ड्यूटी, जुलैतला आढावा आणि आमची ऑर्डर

मंडळी, भोसरीत आमचं छोटं मशिनिंग युनिट आहे. गिअरबॉक्सचे शाफ्ट करतो. बराचसा माल न्हावा शेवाहून मेक्सिकोच्या मान्झानियो बंदरात आणि तिथून क्वेरेतारोच्या एका कारखान्यात जातो. ते गिअरबॉक्स जुळवतात आणि ट्रकने लारेडोमार्गे अमेरिकेत पाठवतात. म्हणजे आमच्या शाफ्टला दोन सीमा ओलांडाव्या लागतात आणि सध्या दोन्हीकडे धुरळा उडालाय.

१ जानेवारी २०२६ पासून मेक्सिकोने सुमारे १,४०० प्रकारच्या मालावर आयात शुल्क वाढवलं. ज्यांच्याशी त्यांचा मुक्त व्यापार करार नाही ते भारत, चीन, कोरिया, थायलंड सगळे एका दावणीला. बहुतेक मालाला ३५ टक्क्यांपर्यंत, तयार गाड्यांना २० चे थेट ५०. चाकणहून तिकडे जाणाऱ्या गाड्यांच्या बातम्या आल्या, सुट्या भागवाल्यांना कोण विचारतो!

आता गिऱ्हाइकाची मेल आलीय. आजवर एफओबी होतं, म्हणजे माल इथे जहाजावर चढवला की आमची जबाबदारी संपली. पुढच्या पीओपासून (खरेदी ऑर्डरपासून) डीडीपी, म्हणजे शुल्क भरून दारात पोच द्या म्हणतात. थोडक्यात तिकडची ड्यूटी आमच्या गळ्यात. नाहीतर तिकडच्याच मॉन्टेरेत दुसरा पुरवठादार बघू, हेही गोड शब्दांत लिहिलंय.

मी जमेल तेवढं वाचलं. १९९४ चा नाफ्टा (या तीन देशांचा जुना मुक्त व्यापार करार) जाऊन २०२० मध्ये अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडाचा नवा करार आला. गाडीतला ७५ टक्के माल या तीन देशांतलाच हवा, ही त्यातली अट. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी दोन्ही शेजाऱ्यांवर २५ टक्के शुल्क लावलं आणि आठवडा संपायच्या आत करारात बसणाऱ्या मालाला सूट दिली. तेव्हापासून तिथे मूळ देशाच्या दाखल्याला सोन्याचा भाव आहे. १ जुलै २०२६ ला कराराचा आढावा आहे. चिनी माल मागच्या दाराने आत येतो, हा अमेरिकेचा मेक्सिकोवरचा जुना आरोप. मेक्सिकोच्या अध्यक्ष शेनबाउम यांचं सरकार स्थानिक रोजगाराचं कारण देतं, पण आढाव्याआधी वॉशिंग्टनला खूश ठेवायचंय हे उघड दिसतं. चीनसाठी उगारलेली काठी आपल्या पाठीत!

गंमत म्हणजे कॅनडा नेमका उलट्या दिशेने निघालाय. चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर २०२४ पासून १०० टक्के जादा शुल्क होतं. पंतप्रधान कार्नी जानेवारी २०२६ मध्ये बीजिंगला गेले आणि ४९,००० गाड्या ६.१ टक्क्यांवर आत घ्यायचं ठरवून आले.

प्रश्न असा, की गिऱ्हाईक आमचा माल मेक्सिकोच्या 'इमेक्स' योजनेत, म्हणजे निर्यातीच्या बोलीवर तात्पुरता आयात करतं. मग त्याला ड्यूटी लागतेच कशी? की मला घुमवतायत? आणि जुलैपर्यंत भाव बांधून द्यावा का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
सीएचए (कस्टम हाउस एजंट) आहे, म्हणून लिहितो. घुमवत नाहीयेत. माल अमेरिका-कॅनडा सोडून इतरत्र गेला तर इमेक्सची सूट बहुतेक वेळा पूर्ण मिळते. या दोघांकडे गेला तर आयात सुट्या भागांवरची मेक्सिकन ड्यूटी आणि तयार मालावरची अमेरिकन ड्यूटी, यांतली जी कमी तेवढीच सूट. तयार गिअरबॉक्स करारात बसून शून्य ड्यूटीने आत गेला, तर कमी रक्कम शून्य, म्हणजे सूटही शून्य. नाफ्टापासूनचा नियम आहे, फक्त दर कमी होते तोवर कोणाला टोचला नाही. गिऱ्हाइकाला 'प्रोसेक' विचारा. वाहन उद्योगाला काही सुटे भाग कमी दरात आणू देणारी ती वेगळी योजना आहे. तुमचा एचएस कोड (मालाचा कस्टम वर्गीकरण क्रमांक) त्यात बसतो का, हे लेखी घ्या. डीडीपी अजिबात घेऊ नका, तिकडचा आयातदार तुम्ही नाही.

प्रतिसाद २
कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून. इकडे कोणी जुलैच्या पुढचा भाव बांधून देत नाहीये. तिघांनी होकार दिला तर करार २०४२ पर्यंत वाढेल, नाहीतर दरवर्षी आढावा आणि २०३६ ला मुदत संपणार. ऑन्टारियो सरकारने रेगनच्या भाषणाची जाहिरात केली, तेवढ्यावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाशी व्यापाराची बोलणी तोडली होती. यावरून काय ते समजा. दुसरं, प्रवासी गाडीचा गिअरबॉक्स कराराच्या 'मुख्य भागां'च्या यादीत आहे, त्याला स्वतःलाच ७५ टक्क्यांची अट लागते. तुमचा शाफ्ट उरलेल्या २५ मध्ये मोजला जातो. त्यात जागा किती शिल्लक आहे, ते विचारा. काठावर असतील तर भाव उतरवूनही ऑर्डर टिकायची नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. एफओबीच ठेवतोय आणि ड्यूटी बदलली तर भाव पुन्हा बोलायचा, असं कलम घालून तीन महिन्यांचा दर देतोय. प्रोसेक आणि २५ टक्क्यांचं आजच मेलवर विचारलंय. अशा कलमाचा मसुदा कोणाकडे असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.